पंचावन्नच्या रस्त्यावर चौऱ्याहत्तर

मंगळवार, १४ मार्च

चौऱ्याहत्तर. ताशी पंचावन्न मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर चौऱ्याहत्तर! इंडियानाच्या त्या पोलिसाने आकडा असा वाचून दाखवला, जसं दवाखान्यातली नर्स सगळ्यांसमोर आपलं वजन वाचते.

काल सकाळी साडेआठला अ‍ॅटली ट्रॉयर शेत तुडवत माझ्या दारात आला. त्यांच्या रस्त्याच्या टोकाला फोनची लाकडी खोपटी आहे — त्यांच्या आमिश ख्रिस्ती पंथात घरात फोन ठेवणं पाप, घरापासून दीडशे पावलांवर ठेवला तर नाही! — तिथे निरोप येऊन पडला होता. इंडियानात, लाग्रेंजला, त्याची आई जायला टेकलीय. "डोरीन, आज जमेल का?" एवढंच म्हणाला. लवकर चल, घाई कर, असं आमिश माणूस म्हणत नाही. स्वतः गाडी चालवायची नाही, घ्यायची नाही, पण दुसऱ्याच्या गाडीत बसायला त्यांच्या देवाची हरकत नसते. त्या बसण्यावरच नऊ वर्षं माझी चूल पेटतेय, तेव्हा मी बोलू नये.

सात जण होते. अ‍ॅटली पुढे माझ्या शेजारी, हॅट मांडीवर. मागे त्याची बायको लोविना, दोन मुलगे, सुना, एक तान्हं. निघताना अ‍ॅटलीने नेहमीसारखी खिशातली वही काढून मीटरचा आकडा पेन्सिलीने टिपला. मैलांवर भाडं ठरतं, आणि नऊ वर्षांत त्याचा आणि माझा आकडा कधी चुकलेला नाही. तो सगळंच टिपतो. पाऊस, वासरं, कुणाकडे किती अंडी दिली ते.

आमचं ओहायो राज्य मागे पडलं. मग मागे लोविना त्यांच्या त्या संथ चालीत काहीतरी गुणगुणायला लागली आणि माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर दाबला गेला. मला कुणी सांगितलं नव्हतं. पाय माझा, चूक माझी.

पोलिसाने आत वाकून हॅटा आणि टोप्या मोजल्या. म्हटलं, यांची आई मरतेय. तर म्हणतो, "मग तुम्ही तरी जिवंत पोचा, मॅडम." हे त्यांना शिकवतात की जन्मतः येतं?

चलान मी डॅशबोर्डवर भिरकावलं. अ‍ॅटलीने उचललं, पुढून वाचलं, मागून वाचलं, घडी घालून माझ्या हातात दिलं. वही त्याच्या मांडीवर उघडीच होती.

पोचलो तेव्हा म्हातारीला शुद्ध होती. तिने अ‍ॅटलीला ओळखलं, हात धरला. वीस मिनिटांनी गेली. मी व्हॅनमध्येच बसून होते, लोविनाने बाहेर येऊन सांगितलं. "वेळेवर आणलंस," म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. ती कुणाला हात लावत नाही.

गुरुवार, १६ मार्च

नाश्त्याला गावातल्या हॉटेलात गेले आणि चूक केली. सगळ्यांना आधीच माहीत! बर्ल काउंटरवर बसला होता, तळलेल्या मक्याच्या वड्यांवर पाक ओतत. हा बर्ल पूर्वी दुधाचा टँकर चालवायचा, आता माझ्यासारखाच आमिश लोकांना पोचवतो. स्वतःला मोटार-कायद्याचा प्रोफेसर समजतो.

"फेकून दे ते," म्हणाला. "परराज्यातलं चलान राज्याच्या हद्दीवर गळून पडतं. इंडियानाचं इंडियानाला, ओहायोचं ओहायोला. माझा मेहुणा बघ. तिकडे पेनसिल्व्हेनियात राहतो, सगळ्या देशात चलानं खाऊन बसलाय, परवान्यावर दंडाचा एक पॉइंट नाही त्याला."

"मेहुण्याचं राज्य तसं असेल. आपलं नाही."

"कायदा म्हणजे कायदा, डोरीन."

प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, आणि बर्लचा सगळ्यांहून वेगळा. दोन वर्षांपूर्वी केंटकीत चलान मिळालं तेव्हा याच शहाण्याचं ऐकलं होतं मी. पोस्टाने चेक पाठवला, हात झटकले. गेली पीडा. पीडा कसली जाते! केंटकीने मुकाट्याने ओहायोला कळवलं, माझ्या रेकॉर्डवर दोन पॉइंट चढले, आणि मागोमाग विम्याच्या ऑफिसातून पेगीचा फोन. "पॉइंट सरकारचे, त्यांच्याशी मला घेणं नाही," पेगी म्हणाली होती. "मला गुन्हा दिसतो. प्रवासी व्हॅनला तीन वर्षांत दुसरा दिसला, तर कंपनी तुझा विमा चालू ठेवणार नाही. दुसऱ्या कुणी ठेवला तर त्याचा हप्ता तुला झेपायचा नाही."

विमा नाही तर व्हॅन म्हणजे अंगणातलं खोकं. आणि व्हॅन नाही तर मी कोण? नवरा, जीन, गेल्यावर घरात बसून भिंतींशी बोलायला लागले होते. या लोकांची लग्नं, मयतं, दातांचे डॉक्टर, म्हशीसारख्या जड सुटकेसा — त्यांनी मला माणसांत आणलं. हे कागदावरच कबूल करते, तोंडाने करणार नाही.

कॉफीचे पैसे बर्लला द्यायला लावले. तेवढंच समाधान.

शुक्रवार, १७ मार्च

इंडियानाच्या कोर्टाच्या ऑफिसला फोन केला. बावीस मिनिटं ताटकळत फोनवर बासरी ऐकली. मग एक बाई आली, आणि चक्क माणसासारखी बोलली.

"पैसे पाठवू नका," तिने पहिल्यांदा हेच सांगितलं. "दंड भरला की गुन्हा कबूल केला असं धरतात. मग आमच्या हातात काही राहत नाही, तुमच्या राज्याला कळवावंच लागतं." त्याऐवजी २५ एप्रिलच्या आत सवलतीचा अर्ज करायचा. त्याची फी वेगळी. सहा महिने कुठेही चलान न घेता चालवायचं. मग खटला निकाली, ओहायोला काही जात नाही. ट्रकवाल्यांना ही सवलत नाही, माझ्यासारख्या साध्या परवान्याला आहे.

केंटकीच्या वेळी हे कुणी सांगितलं असतं तर! पण कुणाला विचारलंच नव्हतं मी. बर्ल होता ना.

असो. अजून आकाश कोसळलेलं नाही.

रविवार, १९ मार्च

क्रेग कोलंबसहून आला. जेवला, माझे टॅक्सचे कागद घेतले, आणि फ्रिजला चिकटवलेलं चलान बघितलं.

"आई. अडुसष्ट वर्षं."

"माझं वय मला माहीत आहे. तुझंही माहीत आहे. मी हजर होते."

"मागच्या महिन्यात तू मला एकच गोष्ट दोनदा सांगितलीस."

"पहिल्यांदा तू ऐकली नव्हतीस."

मग नेहमीचं पालुपद. व्हॅन विक, आमच्याकडे ये, खालची खोली रिकामी आहे. खालची खोली म्हणजे तळघर, त्याला खिडकी लावलीय एवढंच. मी तिथे बसून काय करू, कपडे वाळतात का ते बघू? सून चांगली आहे, नात पेज तर जीव आहे माझा, पण मला अजून कुठेतरी ठेवून द्यायची वेळ आलेली नाही.

जाताना त्याने फोनवर चलानाचा फोटो काढला. "काय करता येतं बघतो." काही बघू नकोस म्हटलं. मी बघतेय.

शनिवार, २५ मार्च

अर्ज पाठवला. रजिस्टर पोस्टाने. अक्षर सुवाच्य.

रविवार, ९ एप्रिल

ईस्टर. हॅम कोरडं झालं. पेज म्हणाली, "आजी, सॉसमध्ये बुडवलं की कळत नाही." गुणाची पोर. मे महिन्यात तिचा शाळेचा पदवीदान समारंभ आहे. पहिल्या रांगेत बसायचं कबूल केलंय.

बुधवार, १२ एप्रिल

अर्ज परत!

"दंडाची पूर्ण रक्कम २० मार्च रोजी जमा झाली असून गुन्हा कबूल करण्यात आला आहे. प्रकरण बंद. आपल्या राज्यास कळवण्यात येत आहे."

चार वेळा वाचलं. मग फोन. बासरी. ही दुसरीच बाई.

"मी पैसे पाठवलेले नाहीत," म्हटलं.

"मनीऑर्डर आलीय. चलानाचा नंबर बरोबर, नाव तुमचं. पाठवणाऱ्याची सही वाचता येत नाही."

"पण मी नाही पाठवली."

"मग दुसऱ्या कुणी पाठवली असेल, मॅडम. लोक सहसा उलटी तक्रार करतात." आणि हसली. तिचा दोष नाही म्हणा. ऐकायला हे विनोदीच आहे. कुणीतरी माझा दंड भरला आणि मला खड्ड्यात घातलं.

कुणीतरी म्हणजे कोण, ते कळायला मला फोन ठेवायचाही अवकाश लागला नाही. फोटो कुणी काढला होता?

क्रेगने पहिल्याच घंटीला उचलला.

"मी नाही भरले, आई."

"फोटो कशाला काढलास?"

"एका वकील मित्राला दाखवायला. त्याने सांगितलं, भरू नका. मी तुला सांगणारच होतो, तू अर्ज केलास म्हणालीस, मग सोडून दिलं."

"व्हॅन विकायला लावायची होती ना तुला? लागली बघ."

"मी का असं करीन?" आणि मग तो आवाज. हळू, समजूतदार, म्हाताऱ्यांशी बोलायचा. "आई, रागावू नकोस. तूच भरले असशील का? आणि विसरली असशील?"

फोन आपटला. जुन्या फोनची हीच एक गोष्ट चांगली, आपटता येतो.

शुक्रवार, १४ एप्रिल

विसरले असेन! जीन कुठल्या मिनिटाला गेला ते सांगू? अ‍ॅटलीच्या सातही पोरांचे वाढदिवस सांगू? इथून इंडियानापर्यंत स्वच्छ बाथरूम कुठे कुठे आहेत, अनुक्रमाने?

शनिवार, २९ एप्रिल

आपलं रेकॉर्ड बघायला आपणच फी भरायची. बघितलं. दोनच ओळी. केंटकी. इंडियाना. दोन अधिक दोन, चार पॉइंट.

बर्ल मान डोलावत म्हणाला, "चार म्हणजे काहीच नाही, बारा झाले की परवाना जातो." खरं आहे. ओहायोची माझ्याविरुद्ध काही तक्रार नाही, परवाना शाबूत. पण पेगीने पॉइंट मोजलेच नाहीत. गुन्हे मोजले. दोन. "मला फार वाईट वाटतंय, डोरीन." ३१ मेला विमा संपतो, पुढे नाही. दुसरीकडे दोन ठिकाणी विचारलं. एकाने आकडा सांगितला तेव्हा मी परत विचारलं, वर्षाचा की व्हॅनसकट?

बावन्न वर्षं गाडी चालवतेय. बर्फात, गारांच्या पावसात, एकदा मागच्या सीटवर बाळंतपण होत असताना. त्यातलं एक अक्षर त्या कागदावर नाही. न केलेल्या चुकांची नोंद कुठेच होत नाही.

आणि हे सगळं ज्याने केलं, त्याला मी नऊ महिने पोटात वागवलं.

शनिवार, ६ मे

बर्लने मोठी व्हॅन घेतली. माझ्यासारखीच, पंधरा सीटची. "तुझी गिऱ्हाइकं उघड्यावर पडायला नकोत," म्हणाला. वेडा बनून पेढा खाणारा माणूस. दर गुरुवारी लोविनाच्या भाचीला अ‍ॅक्रनच्या इस्पितळात न्यायचं असतं, पोरीचं रक्त तपासायला. आता बर्ल नेणार. त्याच्या गाडीत सिगारेटचा वास येतो. पोर सहा वर्षांची आहे.

शनिवार, २० मे

पेजचा समारंभ आज होता. गेले नाही. कार्ड पाठवलं. दुपारी दोनला सुरू होणार होता, दोन ते चार मी गॅरेजमध्ये व्हॅनच्या सीटा पुसत बसले. सगळ्या पंधरा.

संध्याकाळी पेजने फोटो पाठवला. पहिल्या रांगेत क्रेगच्या शेजारी एक खुर्ची रिकामी. मुद्दाम ठेवली की कुणी आलं नाही म्हणून राहिली, कोण जाणे. मला तो फोटो मोठा करून बघता येतो हे त्यांना वाटत नसेल.

मंगळवार, २३ मे

मिलर्सबर्गच्या वकिलाकडे गेले. आधीच जायला हवं होतं. पण आधी मला फक्त भांडायचं होतं.

वकील तरुण आहे, टाय वाकडा. सगळे कागद वाचले. म्हणाला, "तुम्ही भरले नाहीत, कुणाला भरायला सांगितलं नाही, तर कबुली तुमची नाहीच. पण हे तुम्ही म्हणून उपयोग नाही. ज्याने भरले त्याने लिहून द्यायला हवं की, मी तिला न विचारता, न सांगता भरले. मग आपण इंडियानाच्या कोर्टाला प्रकरण परत उघडायची विनंती करू. उघडलं तर तुमचा सवलतीचा अर्ज चालेल, ओहायोतली ओळ पुसता येईल. हमी देत नाही. पण असा कागद आणलात तर आशा बरी आहे. जूनअखेरपर्यंत आणा."

"आणि ओळ पुसली तर विमा?"

"विमावाल्यांना पुसलेलं दिसत नाही."

घरी येऊन क्रेगला निरोप टाकला. सहा आठवड्यांत पहिला. "कबूल कर आणि सही कर. नाहीतर मला मुलगा नाही असं समजेन." वकिलाने काय लिहायला सांगितलं तेही कळवलं.

शुक्रवार, २६ मे

क्रेगचा फोन. ओरडला नाही, रडगाणं नाही. मग म्हणाला, "असा कागद दिला तर तुला व्हॅन परत मिळेल?"

"वकील म्हणतो मिळेल."

"बरं." मग विचारतो, "रक्कम किती होती? आणि पैसे पोचले ती तारीख कुठली म्हणालीस?"

चोरच विचारतोय चोरी कधी झाली! "तुला माहीत नाही?" म्हटलं. "नीट लिहायला हवं ना," म्हणाला. सांगितली तारीख.

रविवार, २८ मे

क्रेग आला. कागद आणला, नोटरीचा शिक्का, सही. "मी, क्रेग प्रुइट, १५ मार्च रोजी माझी आई डोरीन प्रुइट हिला न विचारता व न कळवता..." सगळं जसं हवं तसं.

"अडीच महिने लागले तुला," म्हटलं.

कॉफी नको म्हणाला. जीनच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला, अगदी जीन राहायचा तसा, आणि मला क्षणभर उगाचच त्याचा राग आला, मेलेल्या माणसाचा. दारात जाऊन क्रेग वळला.

"आता तरी बोलशील ना माझ्याशी?"

"बघू."

गाडी वळेपर्यंत खिडकीत उभी होते. जिंकले. मग बटाटे सोलले, खाल्ले नाहीत.

बुधवार, ३१ मे

विम्याचा शेवटचा दिवस. सकाळी दोन बायकांना कापडाच्या दुकानात नेऊन आणलं आणि व्हॅन गॅरेजमध्ये लावली. वकिलाकडे उद्या जायचं होतं. क्रेगचा कागद लिफाफ्यात घालून टेबलावर ठेवला होता.

चारच्या सुमाराला घोड्याच्या टापा. अ‍ॅटली आणि लोविना बग्गीतून. लोविनाच्या हातात रेवाचिनीच्या देठांची गोड पाई, अजून गरम. ती स्वयंपाकघरात शिरून स्वतःच कापायला लागली. अ‍ॅटली टेबलाशी बसला, हॅट गुडघ्यावर, लिफाफ्याच्या अगदी समोर.

"बर्ल सांगतो, तू गाडी चालवणं थांबवतेयस."

"हो."

"मग मला एक बोलून टाकायला हवं. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये असं आम्हाला सांगतात, म्हणून बोललो नव्हतो. पण लोविना म्हणते, डोरीन तेव्हापासून काळजीत दिसते, तिला सांग."

लोविना पाठमोरीच होती. सुरी थांबली.

"ते इंडियानाचं चलान," अ‍ॅटली म्हणाला. "नंबर आणि पत्ता मी गाडीतच वहीत टिपून घेतला होता. आईला पुरलं, त्याच दिवशी तिथल्या पोस्टातून मनीऑर्डर केली. तुझ्या नावाने. तू आमच्यासाठी जोरात चालवलंस, आईने माझा हात धरला तो तुझ्यामुळे. त्याचा भार तुझ्यावर राहणं बरोबर नव्हतं. सरकार मागतं ते देऊन टाकावं, भांडू नये, मिटून जातं." मग माझ्याकडे बघून विचारलं, "मिटलं ना ते?"

आमच्या काउंटीत मला पंधरा जणांनी चलानाबद्दल पंधरा गोष्टी सांगितल्या. त्याला कुणीच काही सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? ज्याने जन्मात गाडी चालवली नाही, त्याला कोण सांगणार की दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं?

"मिटलं," मी म्हटलं.

"मग थांबतेस कशाने?"

"डोळे," म्हटलं. "संध्याकाळचं नीट दिसत नाही."

त्याने मान हलवली. त्यांच्यात हे कारण पुरतं. लोविनाने माझ्यापुढे पाईचा मोठा तुकडा ठेवला आणि मी तो सगळा खाल्ला, त्यांच्या देखत, एकेक घास.

आता ते गेलेत आणि मी इथे बसलेय. एक शब्द पुरे होता. अ‍ॅटली, मला एक कागद लिहून दे. शपथ घेणं त्यांच्या धर्मात बसत नाही, पण खरं आहे ते साध्या शब्दांत सांगेल, कोर्टाला तेवढं चालतं. नाही म्हणायचा नाही तो. तीच तर अडचण आहे. आज रात्रीच लिहून देईल, आणि लिहिताना त्याला कळेल की आईच्या वीस मिनिटांबद्दल त्याने मला जे दिलं, त्यानेच माझी व्हॅन नेली. मग रविवारी प्रार्थनेला सगळ्यांसमोर गुडघे टेकून सांगेल. आपलं नवं घोडं विकून पैसे माझ्यापुढे ठेवेल. त्या वीस मिनिटांकडे त्याला पुन्हा कधी सरळ बघता येणार नाही. ती एवढी एकच गोष्ट मी या वर्षात धड केली होती.

लिफाफा उघडून क्रेगचा कागद परत वाचला. १५ मार्च. चलानाचा फोटो त्याने १९ तारखेच्या रविवारी काढला, माझ्या फ्रिजवरून. पैसे २० तारखेला पोचलेले. रविवारी पोस्ट बंद असतं. हे सगळं या वहीत माझ्याच अक्षरात आहे, सात आठवडे पडून आहे. मला चोर हवा होता म्हणून तारखा बघितल्या नाहीत. त्याने खोटी तारीख घातली, खोट्यावर सही केली, नोटरीसमोर उजवा हात वर करून खोटं बोलला, मला व्हॅन मिळावी म्हणून. मी म्हटलं, बघू.

त्यालाही सांगता यायचं नाही. ऐकल्या ऐकल्या गाडी काढून ट्रॉयरांच्या अंगणात येऊन उभा राहील, सही घेऊनच परत जाईल. आपल्या आईसाठी काय काय करतो तो, ते आज दिसलं.

कागदाचे चार तुकडे केले, मग त्यांचे चार.

गुरुवार, १ जून

सकाळी क्रेगला फोन केला. म्हटलं, तो कागद लागणार नाही, फाडून टाकला. पैसे मीच भरले होते. विसरले होते.

मग म्हणाला, "होतं असं, आई." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "मग आता गाडी चालवायची नाही ना?"

नाही म्हटलं.